स्कॉटलंड्सपीपल: क्लॅनचा नकाशा राहू द्या, आधी आत्याचा मृत्यूदाखला काढा

स्कॉटिश आडनावाच्या माणसाला आपल्या क्लॅनची, म्हणजे एका प्रमुखाखालच्या कुळाची, भूमी शोधायला वेळ लागत नाही. मॅक्वारी असाल तर उल्वा बेट, मॅकलाउड असाल तर स्काय, कॅम्बेल असाल तर अर्गाइल. रंगीत क्लॅन-नकाशे एडिनबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर टॉवेलपासून मगपर्यंत कशावरही छापलेले मिळतात. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. नकाशावरचा तो रंगाचा पट्टा असतो क्लॅनच्या प्रमुखाचा. आपली माणसं त्यातल्या कुठल्या वाडीत राहायची, मुळात तिथे राहायची तरी का, हे त्यावरून कळत नाही. प्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्यांनी त्याचं आडनाव लावणं सर्रास चालायचं, त्यामुळे आडनाव एक म्हणजे रक्त एक असंही नाही.

तर हे परीक्षण आहे स्कॉटलंड्सपीपल या वेबसाइटचं. ती नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी दफ्तराची आहे. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, चर्चच्या जुन्या वह्या, मृत्युपत्रं, घरपट्टीच्या याद्या असं सगळं मूळ पानांच्या छायाचित्रांसकट एका जागी मिळतं. जोडीला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट. पहिलीला पैसे पडतात, दुसरी फुकट. दोन्ही मिळून आमचं काम झालं.

काम काय होतं ते सांगते. माझ्या सासूबाई माहेरच्या मॅक्वारी. जन्म, शिक्षण, संसार सगळं कॅनडात. त्यांचे खापरपणजोबा १८५० च्या आसपास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मल बेटाकडून कॅनडातल्या ऑन्टॅरिओला आले, एवढीच घरातली माहिती. थडग्यावर फक्त 'अर्गाइलशायरचे रहिवासी' असं कोरलेलं. अर्गाइल केवढं मोठं आहे हे नकाशात बघितलंत तर कळेल की हा पत्ता नसल्यातच जमा. सासूबाईंना पंचाहत्तरीनंतर एकदा तिथे जाऊन उभं राहायचं होतं, आणि नुसत्या बेटावर नाही, जिथे घर होतं तिथे. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं. कागद लावून बघायची जबाबदारी माझ्याकडे येणार हे उघडच होतं.

त्याआधी त्यांनी एका कंपनीकडून 'वंशवारसा पुडकं' मागवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, अशा बऱ्याच आहेत. त्यात आलं काय, तर जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र, क्लॅनचं चिन्ह, त्याखाली मॅक्वारींचा इतिहास दोन परिच्छेदांत, आणि तोच रंगीत नकाशा. खापरपणजोबांच्या नावाचा उल्लेखही नाही. शिवाय 'तुमच्या घराण्याचं मानचिन्ह' असा मथळा. स्कॉटलंडच्या कायद्यात घराण्याचं मानचिन्ह असा प्रकारच नाही. ते एका व्यक्तीचं असतं आणि त्याचा निवाडा लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याचं न्यायालय करतं. क्लॅनच्या इतर माणसांनी प्रमुखाचं चिन्ह पट्टा-बकलच्या वेढ्यात घालून मिरवायचं, एवढीच मुभा आहे. एक फूट जमीन विकत घ्या आणि लेर्ड, म्हणजे जमीनदार, व्हा म्हणणाऱ्यांचंही तेच. असे स्मरणिका-तुकडे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत चढतच नाहीत. भेट म्हणून घ्यायचे तर घ्या, पुरावा म्हणून नको.

आता स्कॉटलंड्सपीपल. नाव नोंदवणं आणि सूचीत शोधणं फुकट. मूळ पान उघडायचं तर क्रेडिट लागतात. मी वापरलं तेव्हा ३० क्रेडिटना साडेसात पौंड पडत होते, म्हणजे एक क्रेडिट पंचवीस पेन्स. जन्म-मृत्यू-लग्नाचं किंवा जनगणनेचं एक पान सहा क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. घरपट्टीच्या यादीचं पान दोन क्रेडिट. क्रेडिट दोन वर्षं चालतात. उघडलेलं पान तुमच्या खात्यात राहतं, पुन्हा बघायला पैसे नाहीत, उतरवूनही घेता येतं. वर्षाची वर्गणी नाही, आपोआप नूतनीकरण नाही, 'फक्त आजच' असली सवलतीची घाई नाही. मला हे फार आवडलं. जेवढं बघाल तेवढेच पैसे.

पण याच पद्धतीचा एक काटाही आहे. उघडलेलं पान भलत्याच माणसाचं निघालं तरी क्रेडिट गेलेच. आणि मल बेटावर मॅक्वारी, मॅकलीन, मॅकडोनाल्ड यांची नावंही तीच तीच: जॉन, हेक्टर, डोनाल्ड, लॅकलन. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी रीत असल्यामुळे एका पिढीत एकाच नावाचे चार चुलतभाऊ सापडतात. म्हणून पान उघडण्याआधी फुकटच्या सूचीत जेवढं गाळता येईल तेवढं गाळून घ्यावं. शोधताना आडनावाच्या सुरुवातीची मॅक (Mac) आणि एमसी (Mc) दोन्ही रूपं धरण्याचा पर्याय आहे, तारांकन टाकून स्पेलिंग मोकळं सोडता येतं. ते जरूर करा, कारण लिहिणारा कारकून गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं, नाव कानाला लागेल तसं लिहायचा. मॅक्वारी हे एकच आडनाव मी इतक्या तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलं की शेवटी मोजणं सोडून दिलं.

माझ्या मते या साइटवरचा सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे १८५५ नंतरचा मृत्यूदाखला. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि मृताच्या दाखल्यात आईवडील दोघांची नावं घालायची हे पहिल्यापासून ठरलं. आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्या पहिल्या वर्षी तर इतके रकाने होते की मुलाबाळांची नावं, पुरल्याची जागा, सगळं भरून घेत. एवढं काम कारकुनांना झेपेना, म्हणून पुढच्या वर्षापासून रकाने कमी केले. तुमचा पूर्वज १८५५ मध्ये वारला असेल तर तुम्ही नशीबवान, एवढंच म्हणेन.

आमचे खापरपणजोबा तर १८५५ च्या आधीच देश सोडून गेलेले. त्यांचा दाखला तिथे असणार कुठून? इथे लोक हात टेकतात. पण जो गेला त्याच्यामागे धावण्यापेक्षा जो मागे राहिला त्याला शोधावं. सासूबाईंकडे एक जुनं पत्र होतं, 'टोबरमोरीची आत्या' या सहीचं. खापरपणजोबांची ही बहीण गाव सोडून टोबरमोरी या मलवरच्या बंदराच्या गावी राहिली आणि तिथेच गेली. स्कॉटलंडच्या नोंदीत बाईचं माहेरचं नाव पुसलं जात नाही. लग्न झालेल्या बाईचा मृत्यू सूचीत सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही आडनावांनी सापडतो. मॅक्वारी घातलं, टोबरमोरी घातलं, १८७० चं दशक घातलं, आणि जी दोन-तीन नावं उरली त्यांतलं पत्राशी जुळणारं उघडलं.

तो कागद मी किती वेळा मोठा करून बघितला असेल! तपकिरी शाई, तिरके अक्षर. नवऱ्याचं नाव, त्याचा धंदा मासेमारी, खाली बाईच्या बापाचं नाव, त्यापुढे 'मृत', धंदा 'क्रॉफ्टर', म्हणजे खंडाने घेतलेला लहान तुकडा कसणारा. आईचं नाव, तिचं माहेर मॅकडोनाल्ड. शेवटच्या रकान्यात खबर देणारा पुतण्या. त्याला सही येत नव्हती, म्हणून त्याचं नाव कारकुनाने लिहून मधोमध फुलीची खूण करून घेतलेली. फुलीचा एक पाय लांब, दुसरा आखूड. दीड पौंडात सासूबाईंना एक पिढी मागे जाता आलं, आणि इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडी न आलेलं खापरपणजोबांच्या आईचं माहेर मिळालं.

आईवडिलांची जोडी मिळाली की मग चर्चच्या जुन्या वह्या उघडायच्या. या १५५३ ते १८५४ च्या. १५५३ ऐकून हुरळून जाऊ नका, ती एरल नावाच्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची) वही आहे, सगळीकडे इतकं जुनं काही नाही. हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, आणि बेटांवर बऱ्याच वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू होतात, आणि मृत्यूंच्या नोंदी तर क्वचितच. त्यात १७८३ पासून सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसवला तो १७९४ पर्यंत चालला. तीन पेन्स वाचवायला कित्येकांनी पोरांची नावं घातलीच नाहीत. त्या दशकातलं मूल सापडलं नाही तर ते जन्मलंच नाही असं समजू नये.

आमची पॅरिश किलनिनियन अँड किलमोर. मलचा उत्तर भाग, टोबरमोरी आणि उल्वा बेट हे सगळं तिच्यात येतं. त्या जोडप्याची मुलं एकेक करून सूचीत उभी राहिली, आणि बाप्तिस्म्याच्या ओळीत आईबापांच्या नावांमागे वाडीचं नाव: क्रॅगेग. उल्वाच्या दक्षिण किनाऱ्यावरची वाडी. १८४१ च्या जनगणनेतही क्रॅगेगच. त्या जनगणनेवर फार विसंबू नका. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात, एकमेकांशी नातं लिहिलेलं नसतं, आणि जन्मगावाऐवजी फक्त 'याच कौंटीत जन्म, हो की नाही' एवढंच विचारलेलं. १८५१ ची जनगणना खूप बरी, तिच्यात नातंही आहे आणि जन्माची पॅरिशही. पण तोवर आमचं घर तिथे नव्हतं.

का नव्हतं, हे समजून घेतल्याशिवाय क्लॅनची भूमी बघायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. उल्वा शतकानुशतकं मॅक्वारी प्रमुखांकडे होतं. १७७३ च्या ऑक्टोबरात इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार जेम्स बॉस्वेल तिथे एक रात्र राहिले तेव्हाच प्रमुख कर्जात बुडालेला होता. १७७७ मध्ये बेट विकलं गेलं. त्या शेवटच्या प्रमुखाने साठी उलटल्यावर सैन्यात नोकरी धरली आणि तो १८१८ मध्ये वारला. तेव्हापासून या क्लॅनला मान्यताप्राप्त प्रमुख नाही. म्हणजे बघा, ज्याला नकाशा 'मॅक्वारींची भूमी' म्हणतो ती आमच्या खापरपणजोबांच्या जन्माआधीच मॅक्वारी प्रमुखांची राहिलेली नव्हती. ते जन्मले ते दुसऱ्याच मालकाच्या जमिनीवर, खंड भरणाऱ्या घरात.

समुद्रातलं शेवाळ जाळून केल्प करायचा, तो साबण आणि काच करणाऱ्यांना विकायचा, यावर बेटाचं पोट होतं. नेपोलियनची युद्धं संपल्यावर केल्पचा भाव कोसळला. १८३५ मध्ये फ्रान्सिस विल्यम क्लार्क या स्टर्लिंगच्या वकिलाने बेट घेतलं. त्या सुमाराला तिथे सहाशेच्या आसपास माणसं होती. १८४६ पासून बटाट्यावर रोग आला, आणि क्लार्कने मेंढ्यांसाठी वाड्या रिकाम्या करायला सुरुवात केली. काही वर्षांतच बेटावर दीडशेच्या आसपास माणसं उरली. १८५५ पासूनच्या घरपट्टीच्या याद्याही साइटवर आहेत. त्या आपल्या सातबाऱ्यासारख्या वाचायच्या, मालकाचा रकाना वेगळा, खंडाने घेणाऱ्याचा वेगळा, प्रत्यक्ष राहणाऱ्याचा तिसरा. ही यादी अवघ्या दोन क्रेडिटची. लोक ती बघतच नाहीत, पण कोण हटलं आणि कोण टिकलं हे तिच्यात एका नजरेत दिसतं.

एक आडवळण घेते. मॅक्वारी म्हटलं की पाहुणे लगेच विचारतात, 'ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर तुमचेच का?' लॅकलन मॅक्वारी मूळचे उल्वाचे खरे. १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर. त्याआधी बरीच वर्षं हिंदुस्थानात फौजेत होते. १७९३ मध्ये मुंबईत त्यांनी जेन जार्व्हिसशी लग्न केलं, आणि तिच्या आठवणीत मलवरच्या आपल्या इस्टेटीला जार्व्हिसफील्ड नाव दिलं. ग्रुलीनला त्यांची समाधी आहे. सासूबाईंच्या घरातही 'आपल्यातलेच' अशी समजूत होती. कागद लावल्यावर तसा एकही धागा सापडला नाही. सासूबाईंचं तोंड थोडं उतरलं, पण मुंबईचा धागा सापडल्यामुळे मी मात्र खूश होते.

आता नकाशे. नॅशनल लायब्ररीच्या साइटवर १६५४ चा ब्लाउ या डच नकाशाकाराचा अॅटलास आहे, १७४७ ते १७५५ मधला रॉयचा लष्करी नकाशा आहे. सुंदर आहेत, भिंतीवर लावावेत असे. घर शोधायला उपयोगी पडतो तो ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणीखात्याचा सहा इंचांना एक मैल या मापाचा पहिला नकाशा. आजच्या उपग्रहचित्रावर तो बरोबर बसवलेला आहे. पट्टी सरकवली की जुना नकाशा विरत जातो आणि खालून आजचं गवत वर येतं. या नकाशाची एक खुबी आहे. छप्पर असलेलं घर भरीव दाखवतात, छप्पर गेलेलं घर नुसती पोकळ चौकट. उल्वाची मोजणी झाली तोवर वाड्या उठून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. क्रॅगेगला बहुतेक चौकटी पोकळ. पट्टी पूर्ण सरकवली तर त्याच जागी उपग्रहचित्रात दगडी भिंतींचे आयत दिसतात, आणि बाजूला जुन्या वाफ्यांच्या समांतर रेघा. जागेचे अक्षांश-रेखांश तिथेच मिळतात. ते फोनमध्ये टाकून घ्या. कोणती चौकट कुणाची हे मात्र कुठल्याच कागदात नाही. खंड भरणाऱ्यांची नावं जमिनीच्या खरेदीखतांत येत नाहीत, तिथे फक्त मालक. वाडीपर्यंत पोचता येतं, उंबऱ्यापर्यंत नाही. जो कोणी पैसे घेऊन नेमका उंबरा दाखवायला निघेल त्याच्यापासून लांब राहा.

वाडीतलं जगणं कसं होतं हे वाचायचं तर स्टॅटिस्टिकल अकाउंट्स बघा. पहिले १७९० च्या दशकातले, दुसरे १८३४ ते १८४५ मधले. प्रत्येक पॅरिशचं वर्णन तिथल्या पाद्रीबुवांनी लिहिलेलं: पीक काय, मजुरी किती, शाळा आहे का, लोक आळशी आहेत की नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर पाद्री बहुतेकदा जमीनदाराच्या बाजूने बोलतात, तेवढं सावधपणे वाचायचं.

स्कॉटलंड्सपीपलला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो नवख्यासाठी शोधाची पानं किचकट आहेत म्हणून. कुठला रकाना भरावा आणि कुठला मोकळा सोडावा हे समजायला एक संध्याकाळ जाते. मदतीची पानं चांगली आहेत, पण ती वाचायला हवीत, आणि वाचत कोण नाही ते सांगायला नको. एडिनबराला जाणारच असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला त्यांचं केंद्र आहे. दिवसाची फी भरून तिथे बसून हवी तितकी पानं बघता येतात. ज्यांची सात-आठ घराणी शोधायची आहेत त्यांना ते स्वस्त पडेल. आमच्यासारख्या एका घराण्याला घरबसल्या क्रेडिट पुरे. व्यावसायिक संशोधक लावायचा तर निदान मृत्यूदाखल्यापर्यंतचं काम स्वतः करून मग लावा, नाहीतर तो हीच सूची तासाच्या हिशेबाने बघून देईल.

प्रवासाबद्दल थोडक्यात. ओबानहून क्रेग्न्युअरची बोट पाऊण तासाच्या आसपास घेते, तिथून मल ओलांडून उल्वाला जाणाऱ्या होडीचा धक्का. धक्क्यावरच्या भिंतीवरची पाटी सरकवली की लाल फळी उघडी पडते, ती पलीकडून बघून होडीवाला येतो. शनिवारी होडी नसते आणि वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, त्या बघूनच ओबान सोडा. गाडी मलवरच ठेवायची. बेटावर डांबरी रस्ता नाही, क्रॅगेगची वाट ओली आणि चढउताराची आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना जाऊन-येऊन अख्खा दिवस लागला. वाटेत थॉमस टेलफर्ड या प्रसिद्ध इंजिनिअरच्या आराखड्याचं १८२८ चं चर्च आहे, तिथे बसून डबा खाल्ला. २०१८ पासून बेट स्थानिक लोकांच्या संस्थेच्या मालकीचं आहे, तेव्हा धक्क्याजवळच्या बोटहाउस या उपाहारगृहात चार पैसे खर्च करायला हरकत नाही.

उरलेल्या क्रेडिटवर सासूबाईंना आता आईकडचं घराणं काढायचं आहे. ते फ्रेझर, इन्व्हर्नेसच्या बाजूचे. तिकडे फ्रेझर इतके आहेत, की मागे राहिलेलं एक तरी माणूस आणि त्याची पॅरिश हाताला लागल्याशिवाय मी एकही पान उघडणार नाही, असं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.